पान लावताना : मराठी विभागाच्या मांडणीचे पहिले धडे

कॉलेजचं वार्षिक हातात पडलं की आपण सगळ्यात आधी काय करतो? आपला फोटो शोधतो! मग ग्रुप फोटोत आपण कितव्या रांगेत आहोत ते बघतो, रूममेटची कविता मोठ्याने वाचून त्याची टर उडवतो, आणि अंक कॉटखाली जातो. पण सुट्टीत तोच अंक बॅगेतून गावाकडे पोचतो, तेव्हा त्याचं खरं वाचन सुरू होतं. जिंतूर घ्या, पाथरी घ्या, सोनपेठ, पालम घ्या. इंग्रजी विभागातला रोबोटिक्सवरचा लेख घरी कोणी उघडत नाही. वडील, आजोबा, धाकटी बहीण वाचतात तो आपला मराठी विभाग. आणि बऱ्याच अंकांत नेमकी हीच पानं दाटीवाटीची असतात. वेलांट्या एकमेकींत अडकलेल्या, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं, आणि एखादा लेख ‘जागेअभावी’ अर्धा कापलेला.

यंदा मराठी विभागाची पानं लावायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मला हे तंत्र शिकावं लागलं. शिकताना एक गोष्ट पक्की कळली. पानाची मांडणी म्हणजे शेवटी करायची सजावट नव्हे, तर आधी करायचा जागेचा हिशेब आहे. हिशेब आधी झाला तर कोणाचंही लेखन कापावं लागत नाही. आणि हिशेब म्हटलं की आपण इंजिनिअरिंगवाले, घाबरायचं कारण नाही!

खिळ्यांपासून माऊसपर्यंत

पूर्वी छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचा. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला निर्णयसागर छापखाना सुबक देवनागरी टायपासाठी नावाजला गेला. मराठीचे खिळे जुळवणं हे इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट काम. इंग्रजीत छोटी-मोठी अक्षरं आणि चिन्हं धरली तरी शंभरेक खिळ्यांत काम भागतं. मराठीत मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं मिळून कित्येक शे खिळे लागायचे. दोन ओळींमध्ये जागा सोडायला शिशाच्या पट्ट्या घालत. इंग्रजीत शिशाला ‘लेड’ म्हणतात, म्हणून ओळींमधल्या अंतराला आजही सॉफ्टवेअरमध्ये ‘लेडिंग’ हाच शब्द आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणलं. तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनीच ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांवर ‘डीटीपी’ लिहिलेलं असतं ते हेच. १९९४ मध्ये आल्डस कंपनी अडोबीत विलीन झाली. १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन आणलं आणि २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची नवी मोठी आवृत्ती निघाली नाही. तरी मराठी डीटीपीवाल्यांनी पेजमेकर पुढे बरीच वर्षं सोडलं नाही. त्याचं कारण फाँटमध्ये होतं.

श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्ही-टीटी हे जुने फाँट एका युक्तीवर चालायचे. फाइलमध्ये साठवलेले असत रोमन अक्षरांचे कोड, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. पेजमेकरला वाटे आपण इंग्रजीच लावतोय! त्यामुळे तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळ्या कवितेची अगम्य चिन्हं होत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कोड आहे. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला. आज तुम्ही मोबाइलवर जे मराठी टाइप करता ते युनिकोडच. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून आज शिकायचं असेल तर थेट इनडिझाइन शिका, नाहीतर फुकट मिळणारं स्क्रायबस. स्क्रायबस घेतलं तर १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

आधी कागद-पेन, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हा हिशेब करा. समजा अंक ए-फोर आकाराचा आहे, म्हणजे २१० गुणिले २९७ मिमी. शिलाईच्या बाजूला २० मिमी समास सोडला आणि बाहेरच्या बाजूला १८, तर मजकुराला उरले १७२ मिमी. दोन कॉलम केले आणि मध्ये ६ मिमी फट ठेवली, तर एक कॉलम ८३ मिमीचा. वर २० आणि खाली २५ मिमी सोडले, तर उंची २५२ मिमी.

आता पॉइंट. अक्षराचं माप पॉइंटात मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. २५२ मिमी म्हणजे सुमारे ७१४ पॉइंट. दोन ओळींमधलं अंतर १७ पॉइंट ठेवलं तर एका कॉलममध्ये बरोबर ४२ ओळी बसतात. १२ पॉइंट अक्षरात ८३ मिमीच्या ओळीत सरासरी सहा शब्द धरा. म्हणजे कॉलमला २५२ आणि पानाला साधारण ५०० शब्द. हजार शब्दांच्या लेखाला मथळा आणि एक फोटो धरून अडीच पानं लागणार, हे लेख हातात आल्या दिवशीच सांगता येतं.

आता खरी गंमत बघा. सॉफ्टवेअर आपोआप जे लेडिंग देतं ते अक्षराच्या १२० टक्के असतं. इंग्रजी मजकूर ११ पॉइंटात लावला तर ओळींचं अंतर १३.२ पॉइंट येतं आणि त्याच कॉलममध्ये ५४ ओळी बसतात. इंग्रजीला ते चालतं. मराठीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतो. ‘कृती’ आणि ‘मूर्ती’च्या खाली ‘सर्वांनी’ आलं की वरच्या-खालच्या ओळींची टक्कर ठरलेली. शिवाय वर-खाली एवढी जागा राखायची असल्यामुळे त्याच पॉइंटात देवनागरी अक्षराचा मधला भाग लहान दिसतो. म्हणून १२ पॉइंट अक्षर आणि १६-१७ पॉइंट लेडिंग याच्या खाली मी जात नाही. आजोबांना चष्मा लावून वाचता आलं पाहिजे, हा माझा साधा निकष.

म्हणजे एका कॉलममध्ये आपल्या ४२ ओळी आणि इंग्रजीच्या ५४. दोन कॉलमच्या पानात २४ ओळींचा फरक. दोन्ही विभागांना वीस-वीस पानं दिली तर वरून बरोबरी दिसते, पण आपल्या ४८० ओळी कमी बसतात. म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ पावणेसहा पानांचा मजकूर! मग एक तर अक्षर लहान करा, नाहीतर कोणाची तरी कथा गाळा. दरवर्षी ‘जागेअभावी’ हा शब्द येतो तो इथून. संपादक सरांना किंवा मॅडमना ‘मराठीवर अन्याय होतो’ असं नुसतं म्हणून उपयोग नाही. हे आकडे कागदावर मांडून दाखवा.

आणि ही मागणी वेळेत करायची, कारण अंक फर्म्यांत छापला जातो. मोठ्या कागदावर अनेक पानं एकदम छापून, घडी घालून ८ किंवा १६ पानांचा फर्मा होतो. अंक ६४ पानांचा ठरला आणि मजकूर ६६ पानांचा झाला, तर त्या दोन पानांसाठी कोणी नवा फर्मा चढवत नाही. दोन पानं कापली जातात. कोणाची, हे तुम्हीच ओळखा.

सॉफ्टवेअर रोमन, आपण देवनागरी

ही सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनली. त्यामुळे काही गोष्टी आपण मुद्दाम बदलायच्या असतात.

पहिली, कंपोजर. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे दिसायला हवी. ही अदलाबदल करायचं काम कंपोजरचं. इनडिझाइनचा साधा कंपोजर ते करत नाही, त्यामुळे वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसतात. फाँट खराब आहे असं समजून लोक फाँट बदलत बसतात! पॅराग्राफ पॅलेटच्या मेन्यूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा, सगळं जागेवर येतं. कुठलीही फाइल उघडी नसताना ही निवड केली, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला ती आपोआप लागते.

दुसरी, ट्रॅकिंग. इंग्रजीत दोन-चार शब्द जास्त झाले की अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करून ओळ बसवतात. मराठीत तसं केलं की अंतर वाढवल्यावर शिरोरेघ तुटते, कमी केल्यावर अक्षरं एकमेकांवर चढतात. ट्रॅकिंग शून्य ठेवा. जागा कमी पडली तर लेखकाला विचारून एखादं वाक्य कमी करा. अक्षरं आडवी दाबून बसवायचा मोहही टाळा.

तिसरी, दोन्ही कडा सरळ करणं, म्हणजे जस्टिफाय. इंग्रजीत लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडून पुढे नेतात. मराठीत आपण शब्द सहसा तोडत नाही. मग ‘अभियांत्रिकीच्या’सारखा शब्द मावला नाही की तो खाली जातो आणि वरच्या ओळीतले उरलेले शब्द वावरातल्या विरळ ज्वारीसारखे उभे राहतात. म्हणून ए-फोर पानाला तीन कॉलम करू नका. दोन कॉलमलाही फार भगदाडं पडत असतील तर डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवा.

चौथी, तिरपं अक्षर. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतं आणि मात्रा कलंडतात. जोर द्यायचा तर ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हं वापरा.

पाचवी, आपले खास मराठी अवयव. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून; दोन, साध्या ‘र’नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात मजकूर नेताना हे जोडचिन्ह गळालं की ‘दुसर्या’ होतं. म्हणून ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक जागा तपासा. सगळं एकदम बदलू नका बरं का! नाहीतर ‘सूर्या’चाही बळी जाईल. तसंच ‘ल’ आणि ‘श’. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवलेला आहे. अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपलं वळण येतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट तर मराठी वळणं धरूनच केलेला आहे.

जुन्या फाँटमधला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलात, तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासा. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप करत. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकतो तो बहुधा याच जागी.

एकदाच करायची कामं

पानाचा आकडा, विभागाचं नाव, समासाच्या रेषा हे प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा काढायचं नसतं. त्यासाठी मास्टर पेज असतं. इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याला पॅरेंट पेज म्हणतात. तिथे एकदा लावलं की सगळ्या पानांवर येतं.

दुसरं, पॅराग्राफ स्टाइल. मथळा, लेखकाचं नाव, मजकूर, उपशीर्षक, फोटोओळ आणि कविता, अशा सहा स्टाइल केल्या की आपला अख्खा विभाग त्यात बसतो. अक्षर १२ ऐवजी १२.५ करायचं ठरलं, तर स्टाइलमध्ये एकदा बदला. वीस पानं क्षणात बदलतात. हाताने बदलायला रात्र जाईल आणि तरी दोन परिच्छेद राहतील.

तिसरं, चौकटी जोडणं. पहिल्या कॉलमचा मजकूर दुसऱ्यात आपोआप वाहावा म्हणून दोन्ही चौकटी एकमेकींना जोडतात. इनडिझाइनमध्ये चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दिसलं, तर समजा मजकूर शिल्लक आहे आणि तो छापला जाणार नाही. गोष्टीचा शेवट गायब होतो तो असा! आणि हो, लाइट जाणं आपल्याला काही नवीन नाही, तेव्हा दर पाच मिनिटांनी सेव्ह.

पान म्हणजे फ्लेक्स नव्हे

आपण रोज बघतो ते फ्लेक्स. लाल अक्षर, त्याला पिवळी कड, मागे सावली, कोपऱ्यात गुलाब. त्यात चूक काही नाही; तो गाडीवरून जाणाऱ्याने दोन सेकंदांत वाचावा म्हणून असतो. पान मात्र हातात धरून अर्धा तास वाचायचं असतं. तिथे दोनच फाँट पुरेत, एक मजकुराला आणि एक मथळ्यांना. मजकुराच्या मागे ताजमहाल किंवा मावळता सूर्य नको. मोकळी जागा दिसली की तिथे फूल चिकटवायचं हा आपला आवडता छंद. पण मोकळी जागा वाया गेलेली नसते, तिथे डोळा विसावतो.

कविता हा वेगळा विषय. संत जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात, बी. रघुनाथही इथलेच; तेव्हा कवितेला जरा मान द्या! कवितेची प्रत्येक ओळ मधोमध लावू नका, ती लग्नपत्रिका वाटते. सगळ्यात लांब ओळ पानात मधोमध येईल अशी चौकट ठेवा आणि सगळ्या ओळी तिच्या डाव्या कडेपासून सुरू करा. ओळ कॉलममध्ये मावत नसेल तर कॉलम रुंद करा. ओळ कुठे तोडायची हे कवीने ठरवलेलं असतं.

फोटोंचंही गणितच. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. एका कॉलमच्या फोटोला सुमारे १००० पिक्सेल रुंदी हवी, पानभर रुंदीच्या फोटोला २०३०. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो. १६०० पिक्सेलचा असेल तर साडेतेरा सेंटिमीटरच्या पुढे ताणू नका. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा.

प्रेसला देण्याआधी

पडद्यावर वाचलेलं मुद्रितशोधन धरू नका. पान खऱ्या आकारात प्रिंट काढा आणि ज्याने तो लेख याआधी वाचलेला नाही अशा माणसाला द्या. लेखकाला त्याचं स्वतःचं पान दाखवून सही घ्या, निदान नाव आणि आडनाव तरी तपासून घ्या. कॉलमच्या डोक्यावर परिच्छेदाची शेवटची एकच ओळ लोंबकळत नाही ना, हे बघा. आतली पानं एकरंगी असतील तर मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा आहे ना, ते तपासा. कडेपर्यंत जाणारं चित्र कागदाच्या बाहेर ३ मिमी वाढवा, म्हणजे कटाईत पांढरी पट्टी दिसत नाही. शेवटी पीडीएफ करा, त्यात फाँट आत बसवलेले आहेत याची खात्री करा, आणि ती पीडीएफ दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. मूळ फाइल देऊन ‘तिकडे बघून घ्या’ म्हणणं म्हणजे पुन्हा फाँटची लॉटरी.

हे सगळं शिकायला क्लास लावायची गरज नाही. हॉस्टेलवर कोणाच्या तरी लॅपटॉपवर स्क्रायबस टाका, मराठी मासिकाचं एक चांगलं पान समोर ठेवा, पट्टीने त्याचे समास मोजा, ओळी मोजा, आणि तस्संच पान बनवायचा प्रयत्न करा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. पुढच्या वर्षीच्या मराठी विभागासाठी मला दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातली चार जणं हवी आहेत. लेख मागवायची नोटीस लागेल त्याच आठवड्यात आपण पानांचा हिशेब संपादक मंडळासमोर ठेवू, कारण तेव्हा फर्मे ठरलेले नसतात. यायचं असेल तर येताना एक पट्टी, एक पेन्सिल आणि गेल्या वर्षीचा अंक घेऊन या. कॉटखालीच असेल, शोधा!